मृत्यूच्या नोंदवह्या कुजवणाऱ्या रेकॉर्डकीपरास

रेकॉर्डकीपर,
जन्म-मृत्यू नोंदणी विभाग

पत्राच्या आरंभी 'स. न. वि. वि.' लिहायची आपल्याकडे रीत आहे. त्यातला सप्रेम नमस्कार आज तुम्हाला घालवत नाही, म्हणून थेट विनंतीवर येते.

"जुनं रेकॉर्ड जीर्ण झालंय, त्यातलं काही मिळायचं नाही," एवढं सांगून तुम्ही चहाला निघून गेलात. खिडकीतून मागची खोली दिसत होती. कपड्यात बांधलेले गठ्ठे फरशीवर, भिंतीला ओल, वरच्या पत्र्यातून उजेड येतोय. त्या खोलीची किल्ली तुमच्या खिशात असते. इतके पावसाळे ते पाणी गळताना तुम्ही पाहिलंत आणि गठ्ठे उचलून टेबलावर ठेवण्याएवढीही तसदी घेतली नाहीत. कागदाला वाळवी लागते, हे खरं. पण वाळवीला रान मोकळं करून देणारा माणूस पगारी होता, हेही तेवढंच खरं.

मी माझ्या मावशीची नोंद शोधते आहे. तुमच्या लेखी ती कोण, तर 1982 सालातली एक ओळ. मुंबईच्या गिरणगावात राहायची, मूलबाळ नव्हतं, गिरण्यांच्या संपाच्या वर्षी इस्पितळात वारली. तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. दहन झालं, तिसऱ्या दिवशी राख सावडली, दहाव्याला पिंड ठेवला, अस्थी नाशिकला रामकुंडात गेल्या. आपल्यात मेलेल्या माणसाची जागा उरत नाही. ज्यांच्यात दफन होतं त्यांना निदान कबरीपाशी जाऊन उभं राहता येतं, तेही जागेच्या टंचाईत ती कबर पुन्हा उकरली जाईपर्यंत. आमच्या मावशीचं नाव, वय, पत्ता आणि मरणाचा दिवस एकत्र लिहिलेला कागद जगात एकच होता आणि तो सांभाळायचं काम तुमचं होतं.

ती ओळ वहीत सहज येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. घरात मढं असताना कुणीतरी डॉक्टरकडे धावतं, मृत्यूच्या कारणाचा दाखला आणतं. इस्पितळात गेलेल्याचा नमुना 4, घरी गेलेल्याचा 4अ. अपघात असेल तर पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. मग स्मशानातला कारकून रडणाऱ्या माणसाला थांबवून नाव, वय, पत्ता विचारतो आणि पावती फाडतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चा. त्याखाली मृत्यू कळवायला 21 दिवसांची मुदत आहे आणि स्मशान वा कब्रस्तान चालवणाऱ्यावरही तो कळवायची जबाबदारी टाकली आहे. इतक्या हातांतून, इतक्या दुःखातून ती नोंद तुमच्यापर्यंत पोचते. ही वही कायमस्वरूपी महत्त्वाची आहे, ती नष्ट करायची नाही, असं नियमातच लिहिलं आहे. पाच वर्षांनी, पन्नास वर्षांनी, कधीच नाही.

"चाळीस वर्षांनी कशाला हवाय दाखला?" असंही तुम्ही विचारलंत. सांगते. आजोळच्या सातबाऱ्यावर मावशीचं नाव अजून आहे. वारस नोंदीसाठी तलाठी मृत्यूचा दाखला मागतो, तो नसेल तर फेरफार होत नाही. कागदोपत्री ती जिवंत आहे आणि तिच्या सहीवाचून वाटणी अडली आहे. गावच्या ग्रामपंचायतीत विचारलं तर ग्रामसेवक म्हणाले, मृत्यू जिथे घडतो तिथेच नोंद होते, मुंबईला जा. ते बरोबर बोलले. मुंबईत मी तुमच्या खिडकीशी आले. एखाद्याची पेन्शन अडते, एखाद्याचा विमा, आणि एखाद्या म्हातारीला नवरा कोणत्या दिवशी गेला एवढंच लिहिलेलं पाहायचं असतं. त्या म्हातारीचं कारण तुम्हाला पटायची गरज नाही. कायद्याच्या कलम 17 प्रमाणे फी भरून कुणीही नोंदीचा शोध घ्यायला लावू शकतं. उताऱ्यात मृत्यूचं कारण तेवढं द्यायचं नाही. "कशाला हवंय" हा प्रश्न त्यात कुठेही नाही.

तुम्ही मला तारीख विचारलीत आणि मी तिथी सांगितली तेव्हा हसलात. आमच्या घरात आषाढ वद्य पंचमीला मावशीचं श्राद्ध होतं. इंग्रजी तारीख कुणी कशाला लक्षात ठेवील? महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत मरणाचा दिवस तिथीनेच टिकलाय. तुमच्या वह्या तारखेप्रमाणे लावलेल्या, नावाची सूची नाही, म्हणून मी 1982 चं पंचांग शोधून जुलैतली तारीख काढून आणली. बायकांच्या नोंदी सापडत नाहीत त्याची आणखीही कारणं आहेत. कुठे माहेरचं नाव, कुठे सासरचं, कुठे नुसतं 'अमक्याची पत्नी', कुठे कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं आडनाव. म्हणून मी तीनही नावं लिहून दिली होती. तो कागद तुम्ही न वाचताच परत केलात.

मावशीच्या अस्थी जिथे गेल्या त्याच नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या घरी जाऊन बघा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते चोपडी काढतात आणि आपल्या पणजोबांनी कुणाच्या अस्थी आणल्या होत्या ते वाचून दाखवतात. जुनी पानं मोडीत आहेत, तीही त्यांना वाचता येतात. पिढ्यान्‌पिढ्या कापडात गुंडाळून, पुरापासून वाचवून त्यांनी हे जपलं. त्यांना सरकारी पगार नाही, त्यांच्यावर कुठला अधिनियम लागू नाही. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं तर अमेरिकेतल्या वंशावळी संस्थेने सूक्ष्मचित्रण करून ठेवलं, इतकी त्यांची किंमत परक्यांना कळली.

आणि सरकारलाही ती कळते, स्वतःला गरज पडली की. 2023 मध्ये आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत काय उघडलं गेलं? गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. मोडी वाचणाऱ्यांना तेव्हा शोधून शोधून बोलावलं. कुठल्याशा गावी कोतवालाने निमूटपणे लिहिलेल्या एका मृत्यूच्या ओळीवर आज एखाद्या नातवाचं शिक्षण ठरतं आहे. ज्या गावांची दप्तरं तुमच्यासारख्यांच्या ताब्यात होती, तिथल्या नातवांनी कुणाकडे बघायचं?

माणसं कमी आहेत, कपाटांना मंजुरी नाही, हे तुमचं म्हणणं मी ऐकून घेतलं आणि त्यात तथ्य असेलही. मग ते वरिष्ठांना लेखी कळवलंत का? खोली गळते असं एक पत्र तरी आवक-जावकात आहे का? असेल तर दाखवा, मी तुमच्या बाजूने भांडायला उभी राहीन. नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 वाचा. अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

नोंद सापडली नाही तर वाट बंद होत नाही, मला ठाऊक आहे. एक वर्षाहून जुना मृत्यू दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने नोंदवता येतो. पण त्यासाठी आधी तुमच्याकडून नोंद उपलब्ध नसल्याचा लेखी दाखला लागतो आणि तो तुम्ही देत नाही. तोंडी नकाराला सही लागत नाही, शिक्का लागत नाही, उद्या कुणी जबाब विचारत नाही. म्हणूनच तुम्हाला तो सोयीचा वाटतो.

माझा अर्ज पुन्हा देते आहे, सोबत दहा रुपये भरून माहिती अधिकाराचाही. 1982 च्या जुलैची वही काढा. पानं चिकटली असतील तर ओढून फाडू नका. पुराभिलेख संचालनालयात असे कागद सोडवणारी माणसं आहेत, त्यांना कळवा. उरलेले गठ्ठे पुढचा पाऊस पडायच्या आत फरशीवरून उचला. आणि एवढं करूनही मावशीचं नाव मिळालं नाही, तर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या वह्या पाहिल्या, त्यातल्या कोणत्या वाचण्याजोग्या नव्हत्या आणि त्या कुणाच्या ताब्यात असताना तशा झाल्या, हे सही-शिक्क्यानिशी लिहून द्या.

— एक अर्जदार