डिकीशेठ

आमच्या मेव्हण्याच्या गाडीच्या डिकीत गेल्या तीन वर्षांत एकही पिशवी गेलेली नाही. कांद्याची गोणी नाही, दिवाळीच्या फराळाचा डबा नाही, लग्नातला आहेर नाही. स्टेपनीसुद्धा घराच्या पडवीत कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी असते. एकदा पाटसच्या टोलनाक्याच्या अलीकडे चाक बसलं, तेव्हा ती स्टेपनी आणायला पठ्ठ्या कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून घरी कुरकुंभला आला आणि स्टेपनी मांडीवर घेऊन परत गेला. डिकीत बारा इंची वूफरचा बॉक्स आहे. त्याला धक्का लागता कामा नये.

गावानं त्याचं नाव डिकीशेठ ठेवलंय. पुणे-सोलापूर रस्त्यावर फाट्याफाट्याला असा एक तरी सापडतो. नाव बदलतं, डिकी तीच. दिवसा हा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करतो. कुरकुंभात वाऱ्याची दिशा बदलली की कुठल्या बाजूच्या कंपनीत काय शिजतंय ते नाकाला कळतं, असं जुने लोक म्हणतात. डिकीशेठचं नाक कधीच गेलंय. उरलेत ते कान, आणि तेही खालच्या पट्टीतलेच. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. डिकीशेठला ८० च्या वरचं काही ऐकण्यात रस नाही. गायक, गाणं, शब्द हे सगळं त्याच्या मते वर चिकटवलेलं स्टिकर. लताबाईंचं गाणं लावलं तर तो शांतपणे म्हणतो, "चांगलंय दाजी, पण खाली काय न्हाय."

तो मला दाजी म्हणतो, कारण त्याची थोरली बहीण माझ्या घरात आहे. ती त्याच्या गाडीत बसत नाही. हडपसरहून माहेरी जायचं तर एसटीनं जाते आणि फाट्यावर उतरून चालत येते. मी मात्र दर दोन-तीन रविवारी जातो. सासूबाईंच्या हातची ज्वारीची भाकरी हे एक कारण. दुसरं कारण मी बायकोला सांगत नाही.

बॉक्स आणला तेव्हा त्यावर १२०० वॅट असं चकचकीत छापलेलं होतं. डिकीशेठनं मला त्यातली मेख समजावून दिली. "दाजी, ह्ये पीक वॅट. पीक म्हंजी सोयरीक जमवताना सांगितलेला पगार. आरएमएस म्हंजी हातात येतो त्यो." हातात येणारे अडीचशे होते. तेवढ्यातसुद्धा गाडीचे हेडलाइट प्रत्येक ठोक्याला मान टाकायचे, कारण अँपला लागणारा करंट बॅटरी आणि अल्टरनेटरकडूनच यायचा. मग जाड वायर आली, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आला. फ्यूज जवळच हवा, नाहीतर वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडीच पेटेल, हेही त्यानंच सांगितलं. हा माणूस घरातल्या उघड्या स्विचबोर्डाला तीन वर्षं हात लावत नाही, पण डिकीतली प्रत्येक वायर त्यानं नळीत घालून, क्लिपा मारून, सुनेच्या केसांसारखी चापूनचोपून बसवली आहे.

वायरिंगनंतर कंप. बेस सुरू झाला की डिकीचं झाकण थरथरायचं आणि मागची नंबरप्लेट ताशासारखी वाजायची. त्यावर उपाय म्हणून त्यानं झाकणाला आतून डांबरी शीट चिकटवलं. मे महिन्यात दौंड-कुरकुंभच्या उन्हात ते शीट सुटून बॉक्सवर पडलं, तेव्हा घरात सुतक असल्यासारखा तो जेवला नाही. सासूबाईंनी विचारलं, "कोन गेलं रं?"

पण हे सगळं किरकोळ. डिकीशेठच्या आयुष्यातला खरा प्रश्न जागेचा आहे. बॉक्स कुठे ठेवायचा, आणि त्याचं तोंड कुणीकडे?

तुम्हाला वाटेल, वाजवायचाय तर तोंड माणसांकडे करा. डिकीशेठ ह्यावर कीव आल्यासारखा हसतो. बॉक्सचं तोंड मागे, डिकीच्या दाराकडे. बेसची लाट लांब असते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. ४० हर्ट्झला भागा, साडेआठ मीटरची एक लाट. डिकीची खोली जेमतेम मीटरभर. त्यामुळे दाराला आपटून परत फिरलेली लाट मूळ लाटेच्या जवळजवळ पावलात पाऊल टाकूनच येते, भांडत नाही. हे गणित त्यानं मला उसाच्या ट्रॉलीवर खडूनं करून दाखवलं. ट्रॉली पुढे कारखान्यावर गेली. काट्यावरच्या माणसानं त्या आकड्यांचं काय केलं असेल कोण जाणे.

गणित सुटल्यावर मात्र त्याला एक नवीनच दुःख झालं. तो रात्री साडेअकराला मला फोनवर म्हणाला, "दाजी, लाट साडेआठ मीटरची आन् माझी गाडी चार मीटरची. मग उरल्याली लाट जाती कुठं?"

गावाला उत्तर माहीत होतं. ती समोरच्या घरातल्या मांडणीवर जाते. तिथली स्टीलची भांडी रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास, शिफ्ट सुटली की, आपोआप किणकिणतात. पलीकडच्या म्हातारबांनी एकदा तक्रारही केली. नियमानं वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ च्या वर आवाज जाऊ नये, हे म्हातारबांनी पेपरात वाचलं होतं. डिकीशेठनं त्यांना आदरानं गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि समजावलं की घरात लाट फिरते, पण गाडीसारख्या बंद डब्यात इतक्या खालच्या पट्टीला लाट फिरायला जागाच नसते. तिथे नुसता हवेचा दाब कमीजास्त होतो, सायकलच्या पंपासारखा. म्हणून गाडीत बेस फुकटात वाढतो. म्हातारबा उतरले तेव्हा त्यांची तक्रार संपली होती. कानातलं यंत्रही त्यांनी काढून खिशात टाकलं होतं.

उसाच्या हंगामात डिकीशेठला फार त्रास होतो. ट्रॅक्टरवाले दोन-दोन ट्रॉल्या ओढत, टपावर भोंगे बांधून, सगळा रस्ता उठवत जातात. हा फाट्यावर चहाचा ग्लास धरून उभा असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर शास्त्रीय गायकानं बँजो पार्टी ऐकावी तसं काहीतरी उमटतं. "नुसती ट्रेबल, दाजी. खाली काय न्हाय."

बॉक्स त्यानं आधी सीटला चिकटवून ठेवला, मग दाराला, मग आडवा, मग उभा. प्रत्येक वेळी दोन इंच. दोन इंचांनी बेस 'सुटतो' की 'फाटतो' हे तो डॅशबोर्डवर पाण्याचा ग्लास ठेवून बघायचा. एकदा बेस अचानक गायबच झाला. दोन रात्री त्याला झोप नाही. शेवटी कळलं की फेजचं बटण शून्यावरून १८० वर गेलं होतं, म्हणजे दारातले स्पीकर हवा पुढे ढकलत होते तेव्हा डिकीतला मागे ओढत होता. खाट उचलताना एकानं उचलायची आणि दुसऱ्यानं ठेवायची, तसं. तिकडून पहाटे फोन आला, "दाजी, सापडलं!" माझ्या बायकोला वाटलं, मुलगी सापडली.

यात एक गोष्ट बरेच दिवस माझ्या लक्षात आली नव्हती. हा माणूस गाणं पूर्ण ऐकत नाही. एका गाण्यातला पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा त्यानं निवडलाय. तोच पुन्हा पुन्हा. ते गाणं कशावर आहे, प्रेमावर की देवावर, त्याला ठाऊक नाही. नवरात्रात फिरंगाईच्या देवळात गर्दी असते, गोंधळी संबळ घेऊन बसलेले असतात. हा एकदा त्यांच्यापुढे मांडी घालून बसला आणि संबळाच्या मोठ्या अंगाच्या ठोक्यावर डोळे मिटले. मला वाटलं, आला, माणूस ताळ्यावर आला. घरी येऊन म्हणाला, "दाजी, त्यो गोंधळी संबळ मांडीवर कसा कलता धरतोय बघितलं का? बॉक्स कलता ठिवला पायजे." सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "देवीच्या संबळाला डिकी लागत न्हाय." त्यांच्या माहेरी गोंधळाची रात्र चुकायची नाही, लहानपणापासून ठोका कानात बसलेला.

मग गेल्या महिन्यातला रविवार.

त्यानं कुठल्याशा व्हिडिओत एक युक्ती बघितली होती. वूफरची जागा शोधायची असेल तर वूफर माणसाच्या जागी ठेवायचा आणि माणसानं वूफरच्या जागी जायचं. जिथे माणसाला बेस सगळ्यात भरगच्च ऐकू येईल, तीच वूफरची जागा. हे खूळ नाही. आवाज इकडून तिकडे जातो तसाच तिकडून इकडे येतो, हा नियम रॅले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं मांडलाय. त्याच्या 'थिअरी ऑफ साउंड' या ग्रंथाचा पहिला खंड १८७७ चा. पुण्यात परतल्यावर मी मुद्दाम शोधून वाचलं. रॅलेसाहेबांच्या डोळ्यांपुढे डिकी असण्याचं काही कारण नव्हतं.

तर बॉक्स ड्रायव्हरच्या सीटवर गेला. त्याला सीटबेल्ट लावला. चावी फिरवली, तुकडा सुरू केला आणि डिकीशेठ डिकीत शिरला. गुडघे पोटाशी, एका हातात खडू, दुसऱ्यात मोबाइलचा टॉर्च.

"दाजी, झाकण लावा."

"अरे, कशाला?"

"उघड्या डिकीत बेस पळून जातोय. बंद केल्यावरच खरं कळतंय. मी आतून दोनदा मारलं, म्हंजी जागा घावली. तीनदा मारलं, की उघडा."

मी झाकण लावलं. खट्ट.

आता या योजनेत एक खोट होती आणि ती बँकेत तीस वर्षं हिशेब तपासलेल्या माझ्या लक्षात यायला हवी होती. गाडीत ढब्-ढब् चालू. डिकीतून ढब्-ढब्. यातलं गाण्याचं कुठलं आणि मेव्हण्याचं कुठलं? मी कान लावून उभा राहिलो. दोनदा? तीनदा? मध्येच सलग पाच-सहा झाले. मला वाटलं, गाणं रंगात आलंय. समोरच्या घरातून एक पोरगं बाहेर आलं आणि नाचायला लागलं. मी त्याला कौतुकानं म्हटलं, "आज बेस चांगला लागलाय."

सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पाव्हणं, ठोका चुकतोय."

"अं?"

"गान्यातला ठोका सरळ हाय. मागून येतोय त्यो तीन मारून थांबतोय, तीन मारून थांबतोय. घाबरल्यावानी."

मी पळालो. डिकी उघडायची कळ ड्रायव्हरच्या सीटपाशी खाली, दाराच्या बाजूला. तिथे बॉक्सचा कोपरा सीटबाहेर आलेला, हात शिरेना. शिरला तो चुकीच्या कळीवर. मागे पेट्रोलच्या टाकीचं झाकण टक्कन उघडलं. नाचणाऱ्या पोरानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या प्रयत्नात डिकी उघडली.

डिकीशेठ घामानं निथळत होता. टॉर्च विझलेला. खोकत खोकत उठून बसला आणि त्याचे पहिले शब्द, मी शपथेवर सांगतो, हे होते:

"दाजी, डावा कोपरा! चाकावरचा उंचवटा हाय ना, त्याच्या मागं. तिथं हाय खरा बेस!"

कोपरा हे बरोबरच होतं. खाली जमीन, बाजूला पत्रा, मागे पत्रा, तिन्ही बाजूंनी रेटा मिळतो. सासूबाईंनी तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आणि वर एक धपाटा दिला. तो खूण बघायला वळला. काळ्या कार्पेटवर खडूची रेघ नव्हती, पांढुरका फराटा तेवढा उरला होता. बाहेर पडण्यासाठी आत तडफडताना त्यानं स्वतःच ती पुसली होती.

तो वळल्यावर मला त्याची पाठ दिसली. निळ्या शर्टावर, उजव्या खांद्याच्या खाली, खडूची फुली उमटली होती. स्वच्छ.

"अरे, खूण तुझ्या पाठीवर आलीय."

त्याचा चेहरा उजळला. "पुसू नका! हात लावू नका, दाजी. मी व्हतो तसाच परत झोपतो, फुली जिथं टेकंल तिथं दुसरी खूण करू." आणि ओल्या केसांनी, गुडघे पोटाशी घेऊन, तो पुन्हा डिकीत शिरला.

मी झाकणाला हात लावायला तयार नव्हतो. सासूबाई उठल्या, सूप उचललं, गाडीमागे येऊन पायरीच्या दगडावर बसल्या आणि तांदूळ पाखडत म्हणाल्या, "लावा, पाव्हणं. मी ऐकते. आन् तू रं, ह्या बारीला ताल धरून मार."