ओरडा, पण पोटातून

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाला कराटेचा क्लास भरतो. मुलांना सोडायला जाता जाता आम्ही काही पालकही त्यात घुसलो. पंच जमले, किक समोरच्याच्या गुडघ्यापर्यंत जाऊ लागली. गाडी अडली ती ओरडण्यापाशी. शेवटच्या पंचला ‘कियाई’ हवीच, असा सरांचा आग्रह.

आम्ही ओरडत नाही असं नाही. रिक्षावाल्यावर, अंपायरवर, टीव्हीतल्या अँकरवर रोज ओरडतो. पण समोर कुणी गुन्हेगार नसताना, नुसत्या हवेवर, तेही कुणी सांगितलं म्हणून? बँकेतून निवृत्त झालेले काका पंच मारून अगदी काउंटरवरच्या सौजन्याने ‘एई’ म्हणाले. सरांनी त्यांच्या बेंबीखाली दोन बोटं टेकवली. “घशातून नको काका, इथून.” काकांनी डोळे मिटून दुसरी आरोळी ठोकली. बोटांखालचं पोट टणक झालं आणि काकांचाच स्वतःवर विश्वास बसेना. त्या पोटाने कित्येक वर्षांत असं काही केलं नव्हतं.

आवाज हा नुसता बहाणा. खरं काम श्वास सोडण्याचं. नवशिका जोर लावताना श्वास कोंडतो. मग खांदे कानाला भिडतात, मान ताठ होते, रक्तदाब चढतो. ज्यांची सकाळची गोळी अजून घ्यायची आहे त्यांनी तर हे करूच नये. श्वास झटक्यात सोडला की पोटाचे स्नायू आवळतात, छाती-कंबर एक होते आणि पायांतून निघालेला जोर वाटेत न सांडता मुठीत उतरतो. तेवढ्यात समोरच्याचा ठोसा पोटात बसलाच, तर ते आवळलेलं पोट तो झेलतंही. फक्त सगळी हवा उधळायची नाही, थोडी शिलकीत ठेवायची. नाहीतर पुढचा श्वास घ्यायला आपण आ वासतो आणि शहाणा प्रतिस्पर्धी त्याच क्षणाची वाट बघत असतो.

आरोळीने ताकद वाढते, हे इकाई आणि स्टाइनहाउस या दोन संशोधकांनी १९६१ साली मोजूनही दाखवलं. हाताने जोर लावताना ओरडणाऱ्यांची ताकद सरासरी सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. हे घरी सांगितल्यावर आई म्हणाली, “मग मी जमिनीवरून उठताना ‘आई गं’ म्हणते, तेव्हा का हसता रे?” शास्त्र पूर्णपणे तिच्या बाजूने होतं.

जपानी लोक याबाबतीत फार कडक. केंदोमध्ये बांबूची तलवार नेमकी डोक्यावर बसली, तरी आरोळीत दम नसेल तर पॉइंट मिळत नाही. काकांना हे मनापासून पटलं. “बरोबर आहे. व्हाउचरशिवाय पेमेंट नाही.” तेव्हापासून ते व्हाउचर असं फाडतात, की पार्किंगमधली कुत्री उठून बसतात.

प्रकरण अर्थातच कमिटीपुढे गेलं. तीन तक्रारी, एक प्रतितक्रार, चहा आणि बटाटेवडे झाल्यावर ठराव झाला : सकाळी सातपूर्वी माणशी दोनच आरोळ्या. आमच्या पहिल्या काताला, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेला, हेइआन शोदानला, एकवीस हालचालींत नेमक्या दोनच कियाई असतात. सरांनी तो ठराव लॅमिनेट करून हॉलच्या दारावर लावला. काका मात्र सेक्रेटरींना गाठून विचारत होते, की आज एकच वापरली तर उरलेली उद्याच्या खात्यात जमा होईल का.