खामगावची पेंड, म्हैसूरची साडी

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या एखाद्या मराठी वहिनी दसऱ्याआधी मोबाइलवर ‘शुद्ध म्हैसूर सिल्क’वर बोट ठेवतात. खात्यातून पैसे कापले जातात, पडद्यावर हिरवी खूण उमटते आणि सौदा झाला म्हणून वहिनी खूश!

कसला सौदा? देवराज मार्केटातली मांडामांड असो की मोबाइलवरची, कायद्याच्या लेखी ते नुसतं ‘या, बघा’. प्रस्ताव मांडला तो वहिनींनी. माल रवाना होईपर्यंत आमचा होकार समजू नये, असं बहुतेक कंपन्या बारीक अक्षरांत लिहून ठेवतात. पैसे आधी, होकार मागाहून. एवढी ऐट वरपक्षालाही कधी जमली नाही. बरं, ‘अटी वाचल्या, मान्य’ या चौकोनात वहिनींनीच टिचकी मारलेली. केवळ इलेक्ट्रॉनिक म्हणून करार बाद होत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ बजावतं.

करार नेमका कधी नि कुठे झाला, हा घोळ जुनाच. १९५९ साली खामगावच्या केडियांनी अहमदाबादच्या व्यापाऱ्यांना सरकी पेंड द्यायचं फोनवर कबूल केलं. पेंड गेली नाही. ३१,१५० रुपयांचा दावा आला, तोही अहमदाबादेत. ‘हो’ म्हटलं खामगावात, ऐकलं अहमदाबादेत, मग करार झाला कुठे? १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं, ऐकलं तिथे. न्या. हिदायतुल्लांचं मत खामगावच्या बाजूने पडलं. करार कायदा १८७२चा, फोनचं पेटंट १८७६चं. कायद्याने तरी कुठे कुठे कान लावावा?

तर साडी आली. हात लावताच कळलं, पॉलिस्टर. मानंदवाडी रस्त्यावरच्या सरकारी रेशीम कारखान्याची साडी क्रमांक आणि होलोग्राम मिरवत येते. हिच्यावर फक्त किमतीचं लेबल. कंपनी म्हणते, आम्ही मध्यस्थ, विक्रेत्याला विचारा. विक्रेता म्हणतो, सेलचा माल परत नाही.

इथे मात्र कायदा वहिनींच्या बाजूने बोलतो. वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूमच हवा, हे १९३० पासून लिहिलेलं आहे. जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि कंपनीने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची, हे २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत. शिवाय २०१९च्या ग्राहक कायद्याने तक्रार राहत्या गावी करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.

केडियांना अहमदाबाद गाठावं लागलं. साडीवाले शेटजी कुठल्याही गावचे असोत, त्यांना उत्तर द्यायचं आहे म्हैसूरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे.