काकूंचा तपास

आमच्या समोरच्या काकू सकाळी मटार सोलता सोलता एक खून बघतात. जेवणं आटोपली की दुसरा. देवापाशी दिवा लावून झाला की तिसरा, पण तो मोबाइलवर आणि जुना. खुनी कोण ते पाठ असतं, तरी 'कसा सापडतो ते बघायचंय' म्हणून बघतात.

त्यांचं मूळ दैवत 'क्राइम पेट्रोल'. खऱ्या गुन्ह्यांवरच्या मालिकेत नावं बदलतात, पण नट तेच. "ह्या मेल्याला गेल्या गुरुवारी बायकोचा गळा दाबताना बघितलाय मी. आज इन्स्पेक्टर होऊन आलाय!" काकू उसळतात. "बदली झाली असेल," पेपरातून मान न काढता काका म्हणतात. 1998 मध्ये सुरू झालेली 'सीआयडी' मात्र काकूंच्या मते लहान मुलांची. "तो दया उठसूट दारं तोडतो. शेजाऱ्यांकडे चावी मागायला काय होतं?"

शेजाऱ्यांवर त्यांचा भारी विश्वास आहे, असा याचा अर्थ नाही. परवा जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"काल रात्री पावणेबाराला तुमच्या स्वयंपाकघरात दिवा होता."

"दूध उतू गेलं होतं, काकू."

"दूध," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पावणेबाराला."

बास, एवढंच. पण त्या दोन शब्दांनी माझ्या तळहाताला घाम फुटला. दूध खरंच उतू गेलं होतं का, अशी मलाच शंका यायला लागली.

काकांची अवस्था विचारू नका. एकदा ते सहज म्हणाले, "एक विम्याची पॉलिसी काढावी म्हणतो, तुझ्या नावाने." काकूंनी विळीवरून मानही वर न करता विचारलं, "का?" त्यानंतर त्या घरात विम्याचा विषय निघालेला नाही.

हा नाद टीव्हीने लावला असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. काकू सदाशिव पेठेत वाढल्या. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात पुण्यात जोशी-अभ्यंकर खून प्रकरण घडलं. एकूण दहा खून झाले, तेव्हा काकू शाळेत होत्या. दिवेलागणीला वाड्याचा दिंडी दरवाजा बंद, कडी वाजली की आधी आजोबांचा आवाज, "कोण? नाव सांगा!" आणि शेवटी सापडली कोण, तर अभिनव कला महाविद्यालयात शिकणारी, चारचौघांसारखी दिसणारी पोरं. त्या चौघांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी दिलं. ही तारीख काकूंना स्वतःच्या लग्नाच्या तारखेहून पक्की आठवते. चांगल्या घरातल्यासारखा दिसणारा कुणी बेल वाजवायला आला की त्या आजही साखळी काढत नाहीत. फाटका माणूस आला तर दार सताड उघडून पाणी देतात.

एवढे खून बघून झोप कशी लागते, असं मी एकदा विचारलं. "छान लागते की," त्या म्हणाल्या. "झोप उडते ती त्या सासू-सुनांच्या मालिकांनी. ती जाऊ चार वर्षं कारस्थानं करतेय, कोणी तिला हात लावत नाही. इथे कसं, दोन भागांत बेड्या!" मला हे पटलं. पुराव्यानिशी कुणाला तरी शिक्षा होताना बघायला मिळणं, हे सुख आपल्याकडे इतर कुठल्या कार्यक्रमात आहे? बातम्यांत तर नाहीच.

गेल्या वर्षी काकांची स्कूटर चोरीला गेली. काकू इस्तरीची साडी नेसून चौकीत गेल्या, सोबत संशयितांची यादी आणि टायरच्या खुणांचा फोटो. हवालदारांनी यादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "आरसी बुकाच्या दोन झेरॉक्स आणा," म्हणाले. काकू हादरल्या. इतक्या वर्षांत एकाही भागात कुणी झेरॉक्स मागितली नव्हती.

त्यातून कलमांचा घोळ. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि काकूंचं पाठांतर वाया गेलं. खुनाचं 302 आता 103 झालंय. "302 म्हटलं की कसं अंगावर काटा यायचा. 103 म्हणजे बसचा नंबर वाटतो हो!" 420 सुद्धा 318 झालं, म्हणजे माणसाला धड शिवी द्यायची सोय राहिली नाही. पण चोरीचं जुनं 379 जाऊन 303 आलेलं हवालदारांनी कागदावर लिहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. घरी येऊन त्यांनी सगळ्या मजल्यांवर सांगितलं, "आमची केस 302 च्या अगदी शेजारची आहे."

स्कूटर अजून सापडलेली नाही. चौकीतला तपास थंड पडलाय, काकूंचा चालू आहे. संशयितांच्या यादीत माझं नाव वरून तिसरं आहे, असं काका परवा हळूच सांगत होते. पुढे दुधाची पिशवी जोडलीय म्हणे.