गिरणगावातील जुगाराचे अर्थशास्त्र

खेळासाठी वेगळी काढलेली, आणि पूर्ण बुडाली तरी घरची चूल विझणार नाही अशी रक्कम म्हणजे पोकरच्या परिभाषेतील बँकरोल. तिचा जेमतेम विसावा हिस्सा घेऊन बैठकीला बसावे आणि हार पाठीस लागली की डाव लहान करावा, असा त्या खेळातील जाणत्यांचा शिरस्ता आहे. परळ-लालबागच्या गिरणगावात या शिरस्त्याची परीक्षा मात्र मटक्याने घेतली, आणि तीत उत्तीर्ण झालेल्यांची नावे कोणत्याही चाळीत ऐकू येत नाहीत.

मटक्याचे मूळ कापसात सापडते. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि बंद होत्या भावांवर मुंबईत पैसे लागत. तो मार्ग खुंटल्यावर कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये आपापला मटका सुरू केला. त्यात तीन पत्त्यांची बेरीज करून शेवटचा अंक धरीत, म्हणजे दोन, पाच, आठ आले की पंधरा, म्हणून आकडा पाच. हा ओपन, नंतर तसाच क्लोज, आणि दोहोंची मिळून जोडी. दिवसभर कापसाची धूळ खाल्लेल्या कामगाराने संध्याकाळी त्याच कापसाच्या वंशजावर पगार लावावा, हा मालकवर्गालाही न सुचलेला कावा म्हटला पाहिजे.

आकडे दहा आणि लागलेल्या रुपयाला मिळणार साधारण नऊ, तेव्हा रुपयामागे सरासरी दहा पैसे बुकीचे हे ठरलेलेच. पोकरमध्ये समोरचा चुकतो म्हणून जाणत्याला कमाई होते. मटक्यात चुकण्यासाठी समोर कोणी बसलेलेच नसते, त्यामुळे तेथे बँकरोल सांभाळणे म्हणजे बुडण्याचा वेग ठरवणे एवढेच उरते.

ओळीने दहा वेळा आकडा चुकण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के, म्हणजे अगदी नित्याची. पण खेळणाऱ्याला तो आपल्याविरुद्धचा कट वाटतो, आणि ‘आज येणारच’ या निष्ठेने तो डाव दुप्पट करीत जातो. रुपयापासून आरंभ केल्यास दहा हारींत १०२३ रुपये जातात आणि अकरावा डाव १०२४ रुपयांचा होतो. हारीने डोके फिरून खेळण्याच्या या अवस्थेस पोकरवाले टिल्ट म्हणतात. सभापर्वातील धर्मराज हा तिचा अभिजात नमुना, कारण राज्य गेल्यावर त्याने भाऊ लावले. गिरणगावातील टिल्ट अधिक अभ्यासू होता: जुन्या निकालांचे चार्ट धुंडाळले जात, स्वप्नांतून आणि टॅक्सीच्या नंबरांतून आकडे काढले जात, आणि मटक्याला कालचे काही आठवत नाही ही एकच गोष्ट अभ्यासक्रमाबाहेर राही.

आत्मसंयमाची खाती या वस्तीत दुसऱ्यांकडेच होती. गावी मनीऑर्डर जायची असे, पठाणाचे व्याज दारात उभे असे, आणि एकट्या कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणारी खानावळवाली पगाराची तारीख कधी विसरत नसे. अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पैसे कोणाच्या हाती टिकतात याचा अंदाज त्यांना बुकींहून बरा होता असे दिसते. खानावळवालीने आपली रक्कम मोजून कनवटीला लावली, की उरलेल्या चिल्लरीला बँकरोल म्हणणे हा त्या शब्दावर अन्यायच ठरला असता.