खवळण्याची वेळ : सकाळी

उन्हाळा लागला की कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांची लगबग सुरू होते. राफ्टमध्ये हवा भरायची, लाइफ जॅकेटांची तुटकी बक्कलं बदलायची, फलकावर ‘निसर्गाला आव्हान द्या’ पुन्हा रंगवून घ्यायचं. निसर्ग बिचारा या दिवसांत आव्हान स्वीकारण्याच्या स्थितीत नसतो. सह्याद्रीतल्या बऱ्याच नद्या तेव्हा गुरं खूर न भिजवता ओलांडतात. कुंडलिका मात्र रोज सकाळी वेळेवर खवळते. कारण मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइन फिरवतं आणि मग नदीला मिळतं. वीज जाते मुंबईला. म्हणजे मुंबईकर आठवडाभर घरी एसी लावतो आणि त्याच विजेच्या उरलेल्या पाण्यावर, शनिवारी पैसे मोजून, किंचाळायला येतो. या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. माहितीपत्रकात त्याला जागा नाही. तिथे बार्बेक्यू आहे.

गाइड पोरं मात्र वाकबगार. ऑफिसात ज्यांचं एका ईमेलवर एकमत होत नाही, अशा आठ जणांना ती एका तालात वल्ही मारायला लावतात. (हे काम खरं तर एचआरचं.) त्याआधी ‘जिवाचं बरंवाईट झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ या कागदावर सगळे न वाचता सही करतात. वाचून शंका विचारणारा एखादा निघतोच. त्याची शंका एकच : ड्रोनचा व्हिडिओ पॅकेजमध्ये धरलाय ना?