अण्णांची थकबाकी

बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. आमच्या अण्णांनी गेल्या २२ वर्षांत हे अंतर हजारो वेळा कापलं, पण मधलं एकही स्टेशन नीट पाहिलेलं नाही. चौथ्या सीटवर, म्हणजे निम्मी बैठक बाकावर आणि निम्मी अधांतरी ठेवून, मांडीवरची डब्याची पिशवी कवटाळून ते झोपतात. मान लंबकासारखी डावीकडे झुकते आणि शेजाऱ्याच्या खांद्याला लागायच्या आत परत फिरते. मध्येच डोळे न उघडता म्हणतात, "छे, तसं नसतं ते." विषय दिव्यालाच संपलेला असतो आणि गाडी घाटकोपरला आलेली असते. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये तर ते दोनदा बदलापूर ओलांडून थेट नेरळला जागे झाले. वहिनींनी फोनवर विचारलं, "कुठे आहात?" तर म्हणाले, "माथेरानच्या पायथ्याशी. पण कामासाठी नाही आलो."

असे झोपाळू प्रत्येक डब्यात सापडतात. पण अण्णा पडले हिशेबनीस. त्यामुळे त्यांची अपुरी झोपसुद्धा वहीत चढलेली असते.

"गरज आठ तासांची," अण्णा सांगतात. "पावणेबाराला आडवा, सव्वापाचला उभा, म्हणजे मिळाले साडेपाच. रोजची तूट अडीच. सोमवार ते शनिवार पंधरा. रविवारी अकरा तास झोपतो, ते तीन जमा. आठवड्याला निव्वळ येणं बारा. वर्षाचे ६२४ तास. भागिले चोवीस, बरोबर २६ दिवस!" २६ दिवसांची झोप बुडाल्याचं दुःख चेहऱ्यावर नसतं. बाकी शून्य आली, याचंच समाधान असतं.

"आणि गाडीतली झोप?"

"ती किरकोळ खर्चात. तिला व्हाउचर नाही."

नऊला घरी पोचणारा माणूस पावणेबारापर्यंत करतो काय? "दिवसभर मी मालकाचा, गाडीत रेल्वेचा. दहानंतर मी माझा." आणि हा स्वतःचा अण्णा तेव्हा मोबाइलवर कुणीतरी कुठेतरी वांगं भाजत असल्याचे व्हिडिओ बघत असतो.

एकदा मी त्यांना रँडी गार्डनरची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा हा १७ वर्षांचा मुलगा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी १९६३च्या डिसेंबरअखेरीपासून जानेवारी १९६४पर्यंत सलग २६४ तास जागा राहिला. नंतर पहिल्या रात्री साधारण १४ तास झोपला आणि थोड्याच दिवसांत त्याची झोप पूर्ववत झाली. अण्णा खवळलेच. "अकरा रात्रींचे ८८ तास बुडवले आणि भरले चौदा? ऑडिट कुणी केलं?" मेंदू उधारी तासाला तास अशी वसूल करत नाही, आधी गाढ झोप वाढवून घेतो, हे त्यांना पटेना. म्हणाले, "ही तडजोड झाली. हिशेब नव्हे."

"शिवाय," ते पुढे म्हणाले, "मला आता साडेपाच तासांची सवय झालीय." २००३ साली पेनसिल्वानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात काहींना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं होतं. त्यांची कामातली सावधानता इतकी घसरली, जणू त्यांनी अख्खी रात्र जागून काढली होती. स्वतःला मात्र ते जरासे पेंगुळलेलेच समजत होते. हे मी सांगितलं तेव्हा अण्णांनी मान हलवली. ती झोपेत हलली होती.

त्यांचा खरा भरवसा चहावर. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचतं आणि झोप आणतं. चहातलं कॅफीन ते काढून टाकत नाही, फक्त त्याच्या सीटवर रुमाल टाकून जागा अडवतं. ॲडेनोसिन दारात उभंच असतं, रुमाल उचलला की सगळं एकदम आत घुसतं. आणि संध्याकाळी सहाच्या कटिंगचा रुमाल रात्री अकरापर्यंत पुरता निघालेला नसतो. रविवारी दहापर्यंत लोळल्यावर तर रात्री दीड वाजेपर्यंत डोळा लागत नाही. शरीर दर रविवारी दुबईच्या वेळेवर जातं आणि सोमवारी सव्वापाचला त्याला बदलापूरला हजर व्हावं लागतं.

मार्चअखेरीला मात्र अण्णांच्या ताळ्यात ६३ रुपयांचा फरक आला. तीन रात्री ते घरी वह्या घेऊन बसले, सापडेना. चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसातली नवी मुलगी म्हणाली, "अण्णा, ६३ला नवाने भाग जातो. आकडे उलटे पडले असतील." पाच मिनिटांत सापडलं. ८१च्या जागी १८ लिहिले होते. अक्षर अण्णांचंच होतं. आणि नवाची ही युक्ती तिला शिकवलीही अण्णांनीच होती.

त्या दिवशी संध्याकाळी ते गाडीत पहिल्यांदाच जागे होते. ठाणं गेल्यावर म्हणाले, "सवय झाली नव्हती रे. चूक होतेय, हे कळायचं बंद झालं होतं."

मग वहिनींनी हप्ते बांधून दिले. दर आठवड्याला वीस मिनिटं लवकर अंथरुणात. मोबाइल स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी. दुपारी तीननंतर चहा बंद. रविवारी फार तर तासभर जास्त, वर दुपारी वीस मिनिटांची वामकुक्षी. दोन महिन्यांत अण्णा साडेसात तासांवर आले. ६२४ तासांचं काय, असं विचारलं तर खाली बघून म्हणतात, "बुडीत खाती टाकले."

आता अण्णा गाडीत टक्क जागे असतात. दिव्याला निघालेला विषय घाटकोपरपर्यंत नेतात, परतीला बदलापूरपर्यंत. आमची डुलकी गेली ती गेलीच. परवा मार्चअखेरीसारखाच थकून आलो होतो. खिडकी मिळाली, डोळे मिटले. उघडले तेव्हा बाहेर नेरळची पाटी.

मी अण्णांना फोन लावला. "उतरताना उठवायचं नाही का?"

"कसं उठवणार?" अण्णा घरून शांतपणे म्हणाले. "तुझा भरणा चालू होता."